वाघमुखी राक्षस

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा मेजाभोंवतीं बसून फांशांच्या साह्यानें खेळावयाचा कथाखेळ. त्यासाठीं गॅरी गायगॅक्स यांनीं १९७७ सालीं 'मॉन्स्टर मॅन्युअल' हा भूतराक्षसांचा कोश अमेरिकेंत प्रसिद्ध केला. त्यांत आपला राक्षसही आहे. परंतु डोकें वाघाचें आणि हातांत पाइप! आम्हांस भय वाटण्याऐवजीं हंसूं आलें. रूप पालटण्याची माया त्यास दिली आहे, ती मारीचाच्या कुळास शोभते. वाघाचें मुख मात्र निव्वळ मुखवटा ठरतें.

वाघाचें भय कसें असतें, हें चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानांत विचारावें. ताडोबाच्या तळ्याकांठीं तारूचें ठाणें आहे. वाघाशीं झुंजतांना पडलेला हा गांवप्रमुख पुढें देव झाला, अशी कथा सांगतात. अरण्याचें नांवही त्याचेंच. आजही मोहफुलें व तेंदूपानें वेंचणारीं माणसें वाघाची वेळ व वाट ओळखून पाऊल टाकतात, आणि तरीही कित्येक घरीं परतत नाहींत.

आमचें म्हणणें इतकेंच, कीं राक्षस रचणाऱ्यानें आधीं त्याचें रान रचावें, त्या रानांत माणसानें कसें वागावें तें ठरवावें. मुंडकें मागाहून बसवितां येईल.