‘पाणी मानवले नाही’ हे उत्तर नव्हे

साताऱ्यात कासचे पाणी, सांगलीत कृष्णेचे. त्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम सागरी क्षार मिसळून घरी मत्स्यपेटी मांडली, की नवे मासे आठवडाभरात मरतात, अशी तक्रार आपण ऐकतो. उत्तर ठरलेले: ‘पाणी मानवले नाही.’ आमचा आक्षेप यालाच आहे. हे उत्तर कारण सांगत नाही, शोध थांबवते.

मासे कल्ल्यांवाटे अमोनिया टाकतात. जीवाणू त्याचे नायट्राइट व मग नायट्रेट करतात. पण नव्या पेटीत ते पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. सामू ७ असताना अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. समुद्री पाण्याच्या ८.२ सामूला सुमारे सात टक्के. पाणी मात्र नितळच दिसते!

दोष नायट्रोजन-चक्राच्या नेहमीच्या आकृतीचाही आहे. तिच्यात वीज, शेत, मुळांवरच्या गाठी असतात. काचेची पेटी नसते. म्हणून चक्र पाठ असलेला विद्यार्थीही मेलेल्या माशाशी ते जोडत नाही.

शिक्षकांनी मासे आणण्यापूर्वी पेटीत चिमूटभर मत्स्यखाद्य टाकून रोज अमोनिया व नायट्राइट मोजायला लावावे, आलेख काढून घ्यावा. दोन्ही चढून शून्यावर आले, की पहिला मासा सोडावा. तोही मेला, तर क्षारता, तापमान, रोग तपासावेत.