दीडशे रुपये आणि व्याज : वृद्धांच्या विनोदाविषयी

म्हातारपणाचा विषय निघाला की मराठी प्रेक्षक रुमाल काढतो. ‘नटसम्राट’ (1970) आणि ‘संध्याछाया’ या नाटकांनी आपल्याला ही सवय लावली. एकात पोटच्या मुलांच्या घरी आईबापांना जागा उरत नाही. दुसऱ्यात एक मुलगा अमेरिकेत, दुसरा सैन्यदलात आणि घरात दोन म्हातारी माणसं. शिरवाडकर आणि दळवी यांच्या सामर्थ्याविषयी वाद नाही. पण त्यांच्यामागून आलेल्या लेखनानं त्यांची करुणा तेवढी उचलली. ‘संध्याछाया’ लिहिणारे दळवी म्हणजेच ‘ठणठणपाळ’, हे बहुतेक जण विसरले. मग वृद्धाश्रमावरच्या कथेत खिडकी, वाट पाहणारे डोळे आणि न येणारा मुलगा एवढंच उरलं.

मी दर रविवारी जाणारा मुलगा आहे. माझी आई शहाऐंशी वर्षांची, पुण्यातल्याच एका वृद्धाश्रमात. विनोदाच्या मीमांसेवर मी नोकरी सांभाळून, कोणाकडे न शिकता, वीसेक वर्षं वाचत आलो. तरी विनोद नेमका कोणाचा असतो, हा प्रश्न मला तिथल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसूनच पडला.

आईला अधूनमधून मी तिचा धाकटा भाऊ वाटतो. एकदा तिनं मला विचारलं, “त्या दीडशे रुपयांचं काय झालं रे?” मामानं कधीकाळी उसने नेले असणार. मामा जाऊन बारा वर्षं झाली. मी घरी येऊन हे रंगवून सांगितलं, सगळे हसले. पुढच्या रविवारी मी मुद्दाम दीडशे रुपये नेऊन तिच्या हातावर ठेवले. तिनं मोजले, उशीखाली सारले आणि म्हणाली, “व्याज?”

ती भ्रमात होती की माझी फिरकी घेत होती, मला आजही सांगता येत नाही. इथेच माझ्या वाचनाला धक्का बसला. भुलणाऱ्या माणसाला आपण हसतो तेव्हा आपण वर असतो, तो खाली. पण “व्याज?” या एका शब्दानं खालीवर उलटं झालं होतं.

फ्रॉइडनं 1905 साली विनोदावर पुस्तक लिहिलं, ते सगळ्यांना माहीत असतं. त्याचा 1927चा छोटा निबंध मात्र कमी वाचला जातो. तेव्हा तो एकाहत्तर वर्षांचा होता आणि जबड्याच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रिया सोसत होता. त्यात तो फाशी जाणाऱ्या कैद्याचं उदाहरण देतो : सोमवारी वधस्तंभाकडे नेताना कैदी म्हणतो, आठवड्याची सुरुवात छान झाली. फ्रॉइडच्या मते अशा वेळी माणसातला पराहम् त्याच्या घाबरलेल्या अहम्‌शी बापासारखा वागतो. एवढं काय त्यात, असं म्हणून त्याला धीर देतो. म्हणजे विनोद हे एक प्रकारचं पालकत्व आहे.

पु. लं.चा अंतू बर्वा या कसोटीवर पाहावा. रत्नागिरीत वीज येते, पण तो ती घरात घेत नाही. आपल्या घरात उजेडात पाहण्याजोगं काही नाही, असं त्याचं म्हणणं. दारिद्र्य त्याला हसण्याआधी तोच दारिद्र्याला हसून घेतो. म्हणून त्याची कीव करायची सोय वाचकाला उरत नाही. याच्या शेजारी सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ ठेवावा. मोहन आगाशे यांनी रंगवलेले विस्मृतीत गेलेले संस्कृत पंडित रस्त्यावरच्या हत्तीमागे निघून जातात. आपल्याला हसू येतं, पण ते हसू त्यांनी दिलेलं नसतं, त्यांच्याकडे पाहून आलेलं असतं. चित्रपट तिथे थांबत नाही, माहुताच्या बायकोच्या मायेपर्यंत जातो, हे त्याचं मोठेपण. वृद्धाश्रमातून ‘गमती’ घेऊन घरी परतणारे माझ्यासारखे बहुतेक जण मात्र हत्तीपाशीच थांबतात.

वृद्धाश्रमात माणसाचं घर, स्वयंपाकघर, किल्ल्या, पैसे सगळं दुसऱ्याच्या हाती जातं. आईपणही जातं, आता मीच तिला “गोळी घेतलीस का?” विचारतो. अशा ठिकाणी विनोद केला की तेवढ्यापुरती ती पुन्हा आई होते आणि मी मुलगा. म्हणून तो विनोद तिच्या नावावर राहणं महत्त्वाचं.

मागच्या महिन्यात निघताना तिनं मला हाक मारली, तीही माझ्याच नावानं. “आजचं घरी सांगशील ना? नीट सांग. व्याजाचं तू बिघडवलंस, असं सूनबाई फोनवर म्हणत होती.”

फ्रॉइडचा तो निबंध इन्सब्रुकच्या परिषदेत त्याच्या वतीनं वाचून दाखवला त्याच्या मुलीनं, अ‍ॅना फ्रॉइडनं. मुलांचं काम बहुधा एवढंच असावं. म्हणून वर मी आईचा शब्द होता तसा ठेवला आहे. दीडशे रुपयांचं व्याज मात्र अजून द्यायचं आहे. ती दर रविवारी विचारते, आणि तिनं विचारावं म्हणून मी ते देत नाही.