लेखन-शिबिरे आणि लेखकाची बोली

लेखनकला शिकविता येते काय, हा प्रश्न नवोदितांच्या शिबिरांनिमित्त पुनःपुन्हा विचारला जातो, आणि प्रतिभा उपजत असते एवढे सांगून तो बहुधा निकालात काढला जातो. वस्तुतः भारतीय साहित्यशास्त्राने हा प्रश्न इतक्या सहजपणे सोडून दिलेला नाही. मम्मटाने शक्ती आणि निपुणता यांच्या जोडीला, काव्य जाणणाऱ्यांच्या मार्गदर्शनाखाली केलेला अभ्यासही काव्याच्या हेतूत गणला. अकराव्या शतकातील क्षेमेंद्राने तर ‘कविकंठाभरणा’त होतकरू कवींचे तीन वर्ग केले: अल्प प्रयत्नाने साध्य होणारे, कष्टाने साध्य होणारे आणि असाध्य. नवशिक्याने प्रथम अर्थशून्य शब्दांनी वृत्त भरून पाहावे, येथपर्यंतचा सराव त्याने सांगितला आहे. मात्र असाध्यांमध्ये त्याने जन्मतः पाषाणवत् असणाऱ्यांबरोबर व्याकरणाने नष्ट आणि तर्काने दग्ध झालेल्यांनाही बसविले, ही गोष्ट लक्षणीय होय. शिक्षणाने प्रतिभा घडते, तशीच ती करपूही शकते, ही जाणीव या वर्गीकरणात आहे. आजच्या शिबिरांची परीक्षा याच कसोटीवर व्हावयास हवी.

आधुनिक काळात या शिक्षणाला विद्यापीठीय रूप आले ते प्रामुख्याने अमेरिकेत. आयोवा विद्यापीठातील लेखन-कार्यशाळा १९३६ साली सुरू झाली. पुढे पॉल एंगल यांनी तिचे दीर्घकाळ नेतृत्व केले. १९६७ मध्ये त्यांनी व हुआलिंग निए यांनी तेथेच आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रम उभा केला. दिलीप चित्रे यांच्यासारखा मराठी कवीही १९७०च्या दशकात त्यात सहभागी झाला होता. या कार्यशाळेचा गाभा व्याख्यान हा नव्हे. एकाचे हस्तलिखित इतरांनी आधी वाचावयाचे आणि मग एकत्र बसून त्याची चिकित्सा करावयाची, असा तिचा क्रम असतो. लेखकाला तेथे अवधी मिळतो, वाचक मिळतात आणि पुनर्लेखनाची निकड जाणवते. ‘माहीत असेल ते लिहा’, ‘स्वतःचा आवाज शोधा’, ‘सांगू नका, दाखवा’ ही सूत्रे या वातावरणात रुजली. महायुद्धोत्तर अमेरिकन कथासाहित्यावर या शिक्षणक्रमाचा ठसा किती खोल आहे, हे मार्क मॅकगर्ल यांनी २००९ मधील आपल्या ग्रंथात विस्ताराने दाखविले आहे.

महाराष्ट्रात ठिकठिकाणी भरणाऱ्या शिबिरांत मात्र या पद्धतीचा गाभा क्वचितच आढळतो. आढळतात ती सूत्रे. दोन दिवसांत कथा, कविता, कादंबरी आणि नाटक या चारही प्रकारांवर व्याख्याने होतात, प्रमाणपत्रे वाटली जातात, आणि शिबिरार्थीच्या वहीतील कथा वहीतच राहते. ती न वाचताच तिच्यावर नियम लादला जातो. ‘सांगू नका, दाखवा’ हे सूत्र एका विशिष्ट कथापरंपरेच्या अनुभवातून निघाले आहे. त्या परंपरेत ते खरेही आहे. परंतु व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांनी गावोगाव कथाकथन करून ज्या मराठी श्रोत्याला जिंकले, त्याला ‘सांगणे’ हाच कथेचा प्राण वाटत होता. निवेदकाचे थांबणे, आडवळण घेणे, ऐकणाऱ्याला सामील करून घेणे यांत तेथे कथेची कला आहे. हे सर्व दोष म्हणून छाटावयाचे, तर उरेल ती नीटस पण परक्या घरातील कथा.

याहून गंभीर हानी बोलीची होते. ‘संवाद बोलीत, निवेदन प्रमाणभाषेत’ हा सल्ला ग्रामीण भागातून आलेल्या तरुणाला हमखास मिळतो. ग्रामीण कथेच्या एका टप्प्यावर ही विभागणी रूढ होती, हे खरे. परंतु आनंद यादव यांच्या ‘गोतावळा’ (१९७१) या कादंबरीत नारबाचे संपूर्ण निवेदनच बोलीत आहे. यंत्र आल्यावर शेतावरील जनावरांचा जो गोतावळा तुटत जातो, त्याची वेदना त्या बोलीबाहेर उभी राहूच शकत नाही. वरील सल्ला यादवांनी पाळला असता, तर त्यातील पात्रे राहिली असती आणि दृष्टी गेली असती. लिहिता न येणाऱ्या बहिणाबाई चौधरी यांची गाणी इतरांनी उतरून घेतली व १९५२ मध्ये ती ग्रंथरूप झाली. ती उतरून घेणाऱ्यांनी खानदेशी रूपे ‘शुद्ध’ केली असती, तर मराठी काव्य कशाला मुकले असते, हे वेगळे सांगावयास नको.

याचा अर्थ लेखकाच्या शब्दाला कोणी हात लावू नये, असा मुळीच नाही. मराठीतील सर्वांत समर्थ लेखनशाळा एका मासिकाच्या टेबलाभोवती भरत असे. ‘सत्यकथे’चे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन नवख्या लेखकालाही सविस्तर पत्रे लिहीत, त्रुटी दाखवीत आणि कथा पुन्हा लिहावयास लावीत. त्या अभिरुचीलाही मर्यादा होत्या. साठोत्तर लघुनियतकालिकांच्या लेखकांनी तिच्याविरुद्ध बंड केले ते अकारण नव्हे. गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ने आणि त्याच्या लेखक-वाचक मेळाव्यांनी दलित लेखकांना वेगळे व्यासपीठ दिले. तेथे लेखकासमोर त्याचा अनुभव ओळखणारा वाचक बसलेला असे. या दोन्ही परंपरांचे मर्म एकच आहे: लेखन आधी वाचले गेले, मग त्याविषयी बोलले गेले. १९८२ मध्ये ‘सत्यकथा’ बंद पडल्यानंतर संपादकाच्या टेबलावरील ते काम पुष्कळसे अनाथ झाले. शिबिरांनी ते उचलावे, ही अपेक्षा गैर नाही.

त्यासाठी शिबिर लहान असावे लागेल, हस्तलिखिते आधी मागवून वाचावी लागतील, मार्गदर्शकांत त्या भागाची बोली जाणणारा निदान एक असावा लागेल, आणि काही महिन्यांनी पुनर्लिखित मजकूर घेऊन सर्वांना पुन्हा एकत्र यावे लागेल. हे काम कष्टाचे आहे, त्यात समारंभ थोडा आणि वाचन फार. परंतु ज्या शिबिरातून नवोदित स्वतःच्या भाषेची लाज घेऊन परततो, त्याने क्षेमेंद्राच्या तिसऱ्या वर्गात आणखी एकाची भर घातली, असेच म्हणावे लागेल.