‘दोष’, ‘नाश’ आणि ‘दौर्बल्य’ : पुरुषांच्या गुह्य व्याधींविषयीचे मराठी गद्य

पुरुषांच्या जननेंद्रियांविषयी मराठीत जे लिहिले गेले आहे त्याची परिभाषा प्रथम तपासून पाहणे अवश्य आहे. स्वप्नदोष, हस्तदोष, वीर्यनाश, धातुपात, धातुदौर्बल्य, नपुंसकत्व या शब्दांपैकी एकही केवळ वर्णनपर नाही. प्रत्येकाच्या पोटात एक निवाडा दडलेला आहे. झोपेत होणारे वीर्यस्खलन ही तारुण्यातील अगदी स्वाभाविक शरीरक्रिया. परंतु तिला नाव मिळाले ते ‘दोष’ या शब्दाने शेवट होणारे. रोगी वैद्यापुढे येऊन बसतो तेव्हा भाषेने त्याला आधीच अपराधी ठरविलेले असते, आणि मग वैद्याने ‘हा रोग नव्हे’ असे कितीही सांगितले तरी ते त्याला धीर देण्यासाठी केलेले सौजन्यच वाटते.

या परिभाषेविरुद्ध मराठीत जो सर्वांत दीर्घ झगडा झाला तो रघुनाथ धोंडो कर्वे यांचा. १९२१ साली मुंबईत त्यांनी संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. ‘संततिनियमन’ आणि ‘गुप्तरोगापासून बचाव’ ही पुस्तके १९२३ मधली. आणि जुलै १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले. या मासिकाचे वाङ्मयीन मूल्य त्यातील लेखांपेक्षा वाचकांच्या प्रश्नोत्तरांत अधिक आहे, असे म्हणावे लागते. लाजेने कोणाजवळही न बोललेली गोष्ट मराठी तरुण तेथे लिहून पाठवीत, आणि त्यांना छापील उत्तर मिळे. अशाच उत्तरांवरून १९३४ साली कर्व्यांवर अश्लीलतेचा दुसरा खटला झाला. त्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. विकृती असलीच तर ती ज्ञानानेच जाईल, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. खटला हरला आणि दंड झाला. हस्तमैथुनाविषयी विचारलेल्या शंकेला उत्तर देणे हा गुन्हा ठरतो, ही गोष्ट त्या काळच्या न्यायापेक्षा त्या काळच्या भाषेविषयी अधिक सांगून जाते.

कर्व्यांची भूमिका शास्त्रदृष्ट्या बरोबर होती, हे पुढील संशोधनाने सिद्ध केले. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या किन्सी यांच्या पाहणीत दहांपैकी नऊंहून अधिक अमेरिकन पुरुषांनी हस्तमैथुनाचा अनुभव सांगितला. जी गोष्ट जवळजवळ सर्वच जण करतात तिने क्षय, वेड व अंधत्व येत असते तर मनुष्यजात एव्हाना उरलीच नसती! परंतु कर्व्यांच्या गद्याची मर्यादाही येथेच दिसते. ते गणिताचे प्राध्यापक होते आणि उत्तरही गणितासारखेच देत: थोडक्यात, कोरडे, कधी उपरोधाने. चुकीचे गृहीत कृत्य दाखवून दिले की भीती नाहीशी झाली पाहिजे, असा त्यांचा विश्वास होता. भीती हे केवळ अज्ञान नव्हे, तिलाही स्वतःचे मूळ आणि स्वतःचा इतिहास असतो, याचा विचार त्यांनी फारसा केला नाही.

तो इतिहास पाहू जाता दोन प्रवाह एकत्र आलेले आढळतात. एक आयुर्वेदाचा. रसापासून शुक्रापर्यंत सात धातू एकापुढे एक तयार होतात आणि शुक्र हा शेवटचा, म्हणून सर्वांत मोलाचा. रक्ताच्या चाळीस थेंबांतून वीर्याचा एक थेंब, हा लोकसमज याच कल्पनेभोवती वाढला. दुसरा प्रवाह युरोपचा. स्विस वैद्य तिसो याने अठराव्या शतकाच्या मध्यास हस्तमैथुनावर जो ग्रंथ लिहिला त्यातही वीर्याच्या एका औंसाची हानी रक्ताच्या चाळीस औंसांहून भारी ठरविली आहे. चाळिसाचा हा आकडा दोन्हीकडे यावा, ही गंमत नजरेआड करण्यासारखी नाही. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या ब्रह्मचर्यविषयक पुस्तिकांनी हे दोन्ही प्रवाह मिसळले आणि मिश्रणाला ‘प्राचीन आर्य ज्ञान’ असे नाव दिले. मात्र आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी वाजीकरण हे एक अख्खे अंग आहे, याचा उल्लेख करणे या पुस्तिकाकारांना सोयीचे वाटले नाही.

सुश्रुताकडे वळले तर हा फरक अधिकच स्पष्ट होतो. लिंगवृद्धीसाठी शूक नावाच्या कीटकांचे लेप लावणाऱ्यांना होणारे अठरा विकार त्याने निदानस्थानाच्या एका स्वतंत्र अध्यायात सांगितले आहेत. म्हणजे आकाराची चिंता नवी नाही, आणि तिचा फायदा घेणारे लेपवालेही नवे नाहीत. परंतु सुश्रुत रोग्याला दोष देत बसत नाही. लेपाने काय होते ते सांगतो आणि उपचाराकडे वळतो. शिस्नाग्राची कातडी मागे न सरकणे या विकारालाही त्याने ‘निरुद्धप्रकश’ असे शुद्ध वर्णनपर नाव दिले. आजच्या ज्ञानाने एवढीच भर घालावयाची की अर्भकात ही कातडी मागे न सरकणे हा विकारच नव्हे. वयाबरोबर ती आपोआप मोकळी होते, बळाने ओढू नये. आकाराविषयी बोलावयाचे तर २०१५ साली पंधरा हजारांहून अधिक पुरुषांच्या मोजमापांचा जो एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला त्यात उत्थित अवस्थेची सरासरी लांबी सुमारे १३ सेंटिमीटर आली. जाहिरातींतील आकड्यांशी ती ताडून पाहावी.

१९५४ च्या कायद्याने लैंगिक शक्ती वाढविण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना बंदी केली. भिंतींनी मात्र हा कायदा वाचलेला दिसत नाही.

या वाङ्मयाचा खरा अपराध त्याने काय सांगितले यापेक्षा काय सांगितले नाही यात आहे. वीर्यनाशावर पाने खर्ची पडली. परंतु मुलाच्या वृषणात एकाएकी असह्य वेदना उठली तर वृषण आपल्या रज्जूभोवती पिळले गेले असण्याचा संभव आहे, आणि साधारण सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली नाही तर ते गमावण्याची भीती आहे, हे वाक्य क्वचितच आढळते. तरुणाच्या वृषणात लागणारी न दुखणारी कठीण गाठ कर्करोगाची असू शकते, आणि वेळीच उपचार झाल्यास हा कर्करोग बहुधा बरा होतो, हेही तसेच. ‘नपुंसक’ या शब्दाने तर सर्वांत मोठी हानी केली. उत्थापनाची अडचण ही कित्येकदा मधुमेहाची किंवा रोहिण्यांच्या विकाराची पहिली खूण असते. ती हृदयविकारापूर्वी काही वर्षे दिसू शकते. परंतु ज्या तक्रारीचे नावच माणसाचे पुरुषपण हिरावून घेते ती तक्रार घेऊन कोण दवाखान्यात जाईल? याउलट ‘गरमी’, ‘परमा’ हे बोलीतील शब्द पाहावेत. त्यांतही लाज आहे, पण ते निदान रोगाचे नाव सांगतात, रोग्याचे नव्हे. आणि पेनिसिलिन आल्यावर त्या रोगांची भीती पुष्कळ ओसरली.

डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० साली केलेली योजना या दृष्टीने विचार करण्याजोगी आहे. लघवीतून धातू जातो म्हणून थकवा, उदासी व लैंगिक दुर्बलता आली, अशी तक्रार करणाऱ्या रोग्यांच्या अवस्थेला त्यांनी ‘धात’ हा रोग्याचाच शब्द जोडून नाव दिले. लघवीचा तो पांढरटपणा बहुधा फॉस्फेट क्षारांचा असतो. कर्वे असते तर एवढे सांगून त्यांनी प्रश्न निकालात काढला असता, आणि ते खोटेही ठरले नसते. विग यांनी मात्र शब्द रोग्याच्या तोंडचा ठेवला आणि त्यामागची उदासी ऐकली. कर्व्यांच्या उत्तरांत जी जागा रिकामी राहिली ती नेमकी हीच. आणि मराठी वैद्यकीय गद्यात ती अजून भरून निघालेली नाही.