असेंबलरच्या प्रात्यक्षिकातील अवैध आदेशांचा प्रश्न

प्रस्तावना : संकेतनामांत लिहिलेल्या आदेशांचे यंत्रभाषेत रूपांतर करणारी आज्ञावली म्हणजे असेंबलर होय. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संगणक अभियांत्रिकीच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात तृतीय वर्षासाठी काल्पनिक यंत्राचा टू-पास असेंबलर तयार करण्याचे प्रात्यक्षिक होते. बारामती व इंदापूर परिसरातील संलग्न महाविद्यालयांनाही ते लागू होते. निर्दोष आज्ञावलीचे रूपांतर झाले म्हणजे प्रात्यक्षिक पूर्ण मानावे काय, हा येथे विचारणीय प्रश्न आहे.

विवेचन : या विषयाच्या अध्यापनात आय. आय. टी., मुंबई येथे प्राध्यापक राहिलेल्या डी. एम. ढमढेरे यांचे पाठ्यपुस्तक प्रचलित आहे. त्यातील काल्पनिक यंत्राला अवघे ११ आदेश व ४ रजिस्टर आहेत. अज्ञात आदेश, चिन्हाची दुबार व्याख्या आणि व्याख्येविना वापरलेले चिन्ह हे दोष कसे नोंदवावेत, हेही तेथे दाखविले आहे. सुटसुटीतपणा हे या यंत्राचे बलस्थान असले, तरी आदेशाचे नाव तक्त्यात सापडले म्हणजे तो वैध ठरला, असा समज त्यातूनच विद्यार्थ्यांत रुजू शकतो. 'मूव्हर एरेग, बीरेग' हा आदेश पाहावा. येथे दुसरा ऑपरंड स्मृतिस्थान असावा लागतो. केवळ नाव तपासणारा असेंबलर 'बीरेग'ची चिन्ह म्हणून नोंद करतो आणि मूळ चूक झाकली जाते.

प्रत्यक्ष प्रोसेसरच्या बाबतीत परिणाम अधिक गंभीर होतात. ८०८५ मध्ये 'मूव्ह' आदेशाचा संकेत ०१ ने सुरू होतो. पुढे गंतव्याचे ३ व उगमाचे ३ बिट येतात. 'एम'चे बिट ११० आहेत. 'मूव्ह एम, एम' असा आदेशच नाही. परंतु बिट यांत्रिकपणे जोडल्यास ०१११०११० हा 'हॉल्ट'चा संकेत तयार होतो. 'एलडीएएक्स'ला केवळ बी व डी या रजिस्टर-जोड्या चालतात. एच दिल्यास 'एलएचएलडी'चा संकेत तयार होतो आणि पुढील दोन बाइट पत्ता म्हणून वाचले जातात. दोन्ही संकेत प्रोसेसरला मान्य असल्याने तो त्यांची अंमलबजावणी करतो. म्हणून नकार देण्याची जबाबदारी असेंबलरवरच येते.

निष्कर्ष : आदेशांच्या तक्त्यात नावासोबत ग्राह्य ऑपरंडही नोंदविले पाहिजेत आणि त्यांत न बसणारा प्रत्येक आदेश ओळ-क्रमांकासह नाकारला गेला पाहिजे. ऑपरंडचा प्रकार पहिल्याच फेरीत तपासता येतो. चिन्हाची व्याख्या झाली आहे की नाही, हे मात्र ती फेरी संपल्यावरच ठरते. मूल्यमापनाच्या वेळी निर्दोष आज्ञावलीबरोबर काही सदोष आज्ञावलीही दिल्यास असेंबलरची खरी परीक्षा होईल.