अभिवृत्ती की ऐपत? : एका मापनश्रेणीचे परीक्षण

मानसोपचाराचे साहाय्य घेण्याकडे विद्यार्थी कोणत्या दृष्टीने पाहतात, हे मोजण्यासाठी फिशर व टर्नर यांनी १९७० मध्ये सिद्ध केलेली अभिवृत्ति-मापनश्रेणी, अथवा फिशर व फॅरिना यांनी १९९५ मध्ये केलेले तिचे संक्षिप्त रूप वापरण्यात येते. मूळ श्रेणीत २९ विधाने होती. संक्षिप्त रूपात १० आहेत. प्रत्येक विधानास ० ते ३ गुण असून अधिक गुण हे अनुकूल अभिवृत्तीचे गमक मानले जाते. साधन सुटसुटीत आहे, यात शंका नाही. परंतु निर्धन विद्यार्थ्याच्या बाबतीत ते नेमके काय मोजते, हा प्रश्न उरतोच.

एका विधानाचा आशय असा, की लागणारा वेळ व पैसा पाहता मानसोपचार आपल्यासारख्या माणसास कितपत उपयोगी पडेल याची शंका वाटते. त्यास पूर्ण संमती देणाऱ्याला शून्य गुण मिळतात. सधन विद्यार्थ्याची अशी संमती अविश्वासाची द्योतक ठरू शकेल. ज्याचा एक दिवसाचा रोजगार बुडाला तरी खानावळीचे पैसे थकतात, त्याच्या बाबतीत मात्र तो निव्वळ जमाखर्च होय.

दुसऱ्या एका विधानात आपल्या भीतीशी व अंतःसंघर्षाशी तज्ज्ञाच्या मदतीवाचून झुंजणे प्रशंसनीय मानले आहे. त्यास दिलेली संमतीही प्रतिकूलच गणली जाते. महाराष्ट्रात तर १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी स्वावलंबन हेच शिक्षणाचे ब्रीद मानले. ज्या गुणाच्या बळावर 'कमवा व शिका' योजनेतील विद्यार्थी पदवीपर्यंत पोहोचतो, तोच येथे दोष ठरतो. या दोन विधानांपायी ३० पैकी ६ गुण जाऊ शकतात. सधन व निर्धन गटांच्या तुलनेत दिसणारा फरक अंशतः मापाचाच असण्याचा संभव त्यामुळे नाकारता येत नाही.

याचा अर्थ लोकलज्जा नाही, असा नव्हे. 'वेडा' म्हणवले जाण्याची भीती खरी आहे, आणि ती सुखवस्तू घरांतही आढळते. तथापि भीती व अडचण यांची एकत्र बेरीज केली, की उपायही चुकतो. सोय हवी तेथे प्रबोधनपर व्याख्याने योजिली जातात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने उपचाराचा हक्क दिला. २०२२ मध्ये टेली-मानस ही विनामूल्य दूरध्वनिसेवा सुरू झाली. परंतु वसतिगृहातील चौघांच्या खोलीत मन मोकळे करण्यास एकांत कोठून आणावा, हे शुल्कमाफीने सुटत नाही.

म्हणून ही श्रेणी मराठीत वापरू पाहणाऱ्या अभ्यासकाने विश्वास, लज्जा व ऐपत यांची नोंद पृथक् ठेवणे अगत्याचे आहे. अन्यथा विद्यार्थ्याची परिस्थितीच त्याची मनोवृत्ती म्हणून नोंदली जाईल.