तीस प्रश्नांची कसोटी

भरधाव एस.टी.ने उभ्या रिक्षेला धडक दिली. एस.टी.ने रिक्षेवर लावलेले बल जास्त, की रिक्षेने एस.टी.वर लावलेले? बारावीच्या वर्गात हा प्रश्न विचारून पाहावा. न्यूटनचा तिसरा नियम घडाघडा म्हणणारी मुलेही 'एस.टी.चे बल जास्त' असे सांगतात. रिक्षेचा चेंदामेंदा त्यांच्या डोळ्यांसमोर असतो, आणि परिणाम मोठा म्हणजे बलही मोठे असा त्यांचा हिशोब असतो. दोन्ही बले सारखीच असून वस्तुमान कमी असल्याने रिक्षेला त्वरण जास्त मिळते, हे दुसऱ्या नियमाचे सांगणे त्या क्षणी आठवत नाही.

अशाच प्रश्नांची 'फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी' ही प्रश्नावली १९९२ साली 'द फिजिक्स टीचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तिच्या तीन कर्त्यांपैकी डेव्हिड हेस्टेन्स हे अॅरिझोनातील सैद्धांतिक भौतिकीचे प्राध्यापक, तर माल्कम वेल्स आणि ग्रेग स्वॅकहॅमर हे शाळेत शिकवणारे. आमच्या मते प्रश्नावलीचा कस या जोडीत आहे. मूळ प्रश्न २९ होते, १९९५ च्या सुधारित आवृत्तीत ३० झाले. प्रत्येकाला पाच पर्याय, आकडेमोड अजिबात नाही.

बहुपर्यायी प्रश्न म्हटले की आपण नाक मुरडतो, आणि बहुतेक वेळा ते योग्यच असते. एक उत्तर बरोबर, बाकीची परीक्षकाने टेबलाशी बसून रचलेली. इथे मात्र चुकीचे पर्याय मुलांकडूनच आले आहेत. हेस्टेन्स आणि त्यांचे विद्यार्थी इब्राहिम हलून यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या आधीच्या चाचणीसाठी विद्यार्थ्यांची मोकळी उत्तरे तपासली, आणि त्यांत वारंवार दिसलेल्या समजुती पर्याय म्हणून घातल्या. म्हणून चुकीचे उत्तरही बोलके ठरते. वर फेकलेल्या चेंडूवर वरच्या दिशेने बल आहे असे म्हणणारा मुलगा आळशी नसतो. हाताने दिलेली 'शक्ती' चेंडूत साठून राहते असे तो मानतो, आणि न्यूटनपूर्वी कित्येक शतके विद्वानही तसेच मानत होते.

हार्वर्डमध्ये एरिक मॅझुर यांनी त्या पहिल्या चाचणीचे निबंध वाचून आपल्या वर्गाला असे प्रश्न दिले. तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, की उत्तरे तुम्ही शिकवल्याप्रमाणे द्यायची, की मला वाटते तशी? शिक्षकाने अस्वस्थ व्हावे असाच हा प्रश्न. मॅझुर यांनी त्यानंतर आपली शिकवण्याची रीतच बदलली.

इथवर कौतुक. आमची तक्रार गुणांच्या बेरजेबद्दल आहे.

१९९८ साली रिचर्ड हेक यांनी ६२ अभ्यासक्रमांतील ६५४२ विद्यार्थ्यांचे निकाल मांडले. आधी न जमलेल्यांपैकी किती जमू लागले, हे त्यांचे माप. शिकवण्यापूर्वी ४० टक्के आणि नंतर ५५ टक्के असतील, तर उरलेल्या ६० पैकी १५ कमावले, म्हणजे ०.२५. नेहमीच्या व्याख्यानांच्या १४ अभ्यासक्रमांत ही सरासरी ०.२३ आली, मुलांना बोलते-करते ठेवणाऱ्या ४८ मध्ये ०.४८. फरक डोळ्यांत भरणारा आहे. परंतु हे निकाल बरेचसे प्राध्यापकांनी आपण होऊन दिलेले होते, आणि ज्याचा निकाल बरा तोच तो पाठवण्याची शक्यता अधिक, हेही ध्यानात ठेवायला हवे.

बेरीज आणखीही एक गोष्ट झाकते. तिसऱ्या नियमावरचे प्रश्न तीसपैकी जेमतेम चार. ते चारही चुकून बाकी सगळे बरोबर आले तर २६ गुण, म्हणजे सुमारे ८७ टक्के. हेस्टेन्स-हलून यांनी प्रभुत्वाची रेषा ८५ टक्क्यांवर आखली आहे. म्हणजे एस.टी.चे बल जास्त मानणारा मुलगाही, निदान हिशोबाने, न्यूटनच्या यामिकीत पारंगत ठरू शकतो! हफमन आणि हेलर यांनी १९९५ सालीच शंका काढली होती, की या प्रश्नांच्या उत्तरांतून 'बल' नावाची एकसंध संकल्पना दिसतच नाही. कर्त्यांनी त्याला उत्तरही दिले. पण आम्हाला ती शंका फिटलेली वाटत नाही.

भाषांतर करू पाहणाऱ्यांनी आणखी एका गोष्टीचा विचार करावा. मूळ प्रश्नांत घर्षणरहित पृष्ठभागावरून घसरणारी हॉकीची चकती आहे. बर्फावरची हॉकी आपल्या मुलांनी क्वचितच पाहिलेली असते. तिच्या जागी कॅरमचा स्ट्रायकर घातला तर प्रश्न ओळखीचा होतो, पण स्ट्रायकर थांबतो हे मुलाने हजारदा पाहिले आहे. 'घर्षण नाही असे समजा' हे तो वाचतो आणि विसरतो. दोरखंडाने समान वेगाने वर जाणाऱ्या लिफ्टऐवजी विहिरीतली बादली चांगली. तिथे हाताला बसणारी ओढ आणि बादलीचे वजन यांची तुलना निदान अनुभवाची आहे.

मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा एक वेगळा प्रयत्न इथे आठवतो. सुधीर पानसे, जयश्री रामदास आणि सैद्धांतिक भौतिकीतून शिक्षण-संशोधनात आलेले अरविंद कुमार यांनी १९९४ साली 'निर्देशचौकट' या एकाच कल्पनेभोवतीच्या समजुती तपासल्या. वस्तूची एक 'खरी' गती असते आणि बाकीच्या भासमान, ही त्यांतली एक. क्षेत्र लहान घेतल्याने खोल जाता आले. अभियांत्रिकी शिक्षणात पुढे स्थितिकी, संकेतप्रणाली अशा विषयांच्या प्रश्नावल्या निघाल्या. त्यांनीही बेरजेपेक्षा उपविषयवार निकालावर भर द्यावा असे आम्हाला वाटते.

वर्गात हे प्रश्न जरूर वापरावेत, गुण मात्र देऊ नयेत. गुण आले की गाइडे येतात, आणि 'असा पर्याय दिसला की तो टाळा' एवढेच मुले शिकतात. त्याऐवजी प्रत्येक प्रश्नाखाली कारणासाठी दोन ओळी सोडाव्यात. आम्ही रिक्षेच्या प्रश्नाखाली त्या सोडल्या होत्या. 'दोन्ही बले समान' हा पर्याय निवडलेल्या एका मुलीने लिहिले होते, 'म्हणून ती एकमेकांना रद्द करतात.' मग रिक्षा हलली कशी, असे तिला विचारले. ती बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "एक बल रिक्षेवर आहे सर, दुसरे एस.टी.वर."